दुआर्त साल्गेरु आधीच येऊन गेला होता

नवा देश सापडला की मला तिथे उतरवायचं आणि जहाजाने पुढे जायचं, असं माझ्या शिक्षेच्या कागदावर लिहिलं होतं. त्यामुळे ‘सांता उर्सुला’वरच्या एकशे दहा माणसांत नवा देश सापडू नये असं मनापासून वाटणारा मी एकटाच होतो. बाकीचे एकशे नऊ जण तो सापडावा म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करत. मीही त्यांच्यासोबत गुडघे टेकत असे. फक्त माझं मागणं थोडं वेगळं होतं.

मी ब्राश, लिस्बनचा पाथरवट. एका चर्चच्या दाराशी सैतानाचं तोंड कोरायचं काम मला मिळालं होतं. मी ते कोरलं. तिथल्या थोरल्या पाद्रींनी ते पाहिलं आणि हे तोंड आपलंच आहे अशी तक्रार केली. मी त्यांना तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. साक्षीला बारा माणसं बोलावली. बाराही जणांनी दारातून आत येताना सैतानाला वाकून नमस्कार केला. एवढ्यावर निकाल लागला.

आमच्याकडे शिक्षेची माणसं फुकट घालवत नाहीत. दर्यापार निघालेल्या प्रत्येक जहाजावर एखादा तरी देतात. अनोळखी किनारा दिसला की जहाज लांबवर नांगर टाकतं आणि त्या माणसाला होडीतून वाळूवर सोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिवंत दिसला तर किनारा चांगला. मग कप्तान उतरतो, पाद्री उतरतो, नगारा उतरतो आणि शेवटी वीस माणसांच्या खांद्यावरून खांब उतरतो. हा खांब लिस्बनहूनच घडवून आणलेला असतो. वर क्रूस, मध्ये राजाचं चिन्ह, खाली ‘हा देश शोधला’ असं कोरलेलं. नाव तेवढं कोरायचं बाकी ठेवतात. खांब उभा राहिला की देश राजाचा झाला, आणि शिक्षेचा माणूस तिथली भाषा शिकायला खांबापाशी राहिला. पुढचं जहाज आलं की त्याने दुभाषा व्हायचं. पुढचं जहाज तीन वर्षांनी येतं, किंवा येत नाही. भाषा उत्तम शिकून बसलेले आमचे किती लोक किनाऱ्याकिनाऱ्यावर कोणी बोलायला येतंय का बघत असतील, सांगता येत नाही.

एक नियम मात्र पक्का होता. आपल्याच माणसाने आधी शोधलेला देश पुन्हा शोधता येत नाही. तिथे दुसरा खांब लावत नाहीत आणि माणूसही सोडत नाहीत. जहाजाने पुढे जायचं. हे मला खुद्द आमच्या कप्तानाने, दोम फ्रादीकने, पहिल्याच आठवड्यात गप्पांच्या ओघात सांगितलं. तो सज्जन माणूस होता, आणि सज्जन माणसं कोणाशीही गप्पा मारतात.

दोम फ्रादीकने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती: कुठल्या तरी खांबावर आपलं नाव. त्याच्या आजोबांचं आडनाव एका खाडीला दिलेलं होतं, बापाचं एका खडकाला. घराणं उतरणीला लागलंय असं त्याला वाटायचं.

पहिला किनारा चौथ्या महिन्यात दिसला. सकाळी मला वाळूवर सोडलं. माझ्याजवळ एक पांढरं फडकं होतं, जिवंत असल्यास हलवण्यासाठी, आणि माझी छिन्नी-हातोडी, जी मी अंगरख्यात लपवून आणली होती. माडांच्या मागे पंधरा-वीस झोपड्या होत्या. लोक बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला भाजलेला मासा दिला. ते तिथे केव्हापासून राहत होते ते मला कळलं नाही. झोपड्यांमागची थडगी मोजायला लागलो आणि शंभरावर सोडून दिली. देश त्यांना केव्हाच सापडलेला होता, पण त्यांनी तसं कुठे कोरून ठेवलं नव्हतं.

एका म्हाताऱ्याच्या जात्याचा दगड पार गुळगुळीत झाला होता. मी त्याला टाकी लावून दिली. मग त्याने मला, माणूस माणसाला विचारतो तसं, हातवाऱ्यांनी विचारलं की आता तुला काय हवंय. मी समुद्राच्या वरच्या अंगाचा एक मोठा खडक दाखवला. म्हातारा सावलीला येऊन बसला आणि मी कोरायला लागलो. क्रूस कोरला. साल टाकलं १५०४, म्हणजे आमच्या आधी सात वर्षं. मग नावाशी अडलो. खऱ्या कप्तानाचं नाव टाकावं तर तो नाही म्हणेल. मेलेल्याचं टाकावं तर घरचे नाही म्हणतील. ज्याने असं काही केल्याचा संशय देवालासुद्धा येणार नाही असा माणूस हवा होता. आमच्या गल्लीत दुआर्त साल्गेरु म्हणून एक मेणबत्तीवाला आहे. पन्नाशीचा, गरीब, घर ते दुकान आणि दुकान ते चर्च. त्याचं नाव खडकावर नेमकं मावलं.

नवं कोरीव काम जुनं कसं दिसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. माशाचं तेल, चिखल, शेवाळ, आणि एक अशी गोष्ट जी प्रत्येक माणसाकडे फुकट असते. संध्याकाळपर्यंत खडक सात वर्षांचा झाला. मी शेवटची बाब करताना म्हाताऱ्याने आदराने तोंड फिरवलं. हा बहुधा आमचा धर्म असावा असं त्याला वाटलं.

सकाळी दोम फ्रादीक नवी टोपी घालून उतरला. नगारा वाजला. मी फडकं हलवलं आणि म्हटलं, “कप्तानसाहेब, तिकडे काहीतरी लिहिलेलं दिसतंय. मला काही लांबून वाचता आलं नाही.”

तो गेला. नगारा थांबला. बराच वेळ तो खडकासमोर उभा राहिला, मग वाळूत बसला आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. खांब खांद्यावर घेतलेल्या वीस जणांना कोणी काही सांगेना, म्हणून ते तसेच पाण्यात उभे राहिले.

“हा दुआर्त साल्गेरु कोण रे?” त्याने विचारलं.

“ऐकल्यासारखं वाटतं,” मी म्हटलं. खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरा किनारा एका बेटाचा होता. तिथे मला मासा मिळाला नाही, रताळी मिळाली. साल मी १५०५ टाकलं, कारण एका माणसाने एका वर्षात किती करावं यालाही मर्यादा असते. दोम फ्रादीक परत येऊन दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आमचा तांडेल गोंसालु जेवताना सहज म्हणाला की साल्गेरुला तो ओळखत होता. बुटका होता म्हणे, सारखी बडीशेप चघळायचा, आणि जहाजावर बिस्किटं वाटताना हात आखडायचा. मी चमकून बघितलं. मेणबत्तीवाला दुआर्तकाका चांगला ताडमाड आहे. पण मी काय बोलणार? जहाजावरचे पाद्री म्हणाले की त्यांनी एकदा त्याचा कबुलीजबाब ऐकलाय. काय ऐकलं ते सांगता येत नाही, पण पापं थोडी होती आणि नीट क्रमाने सांगितली होती.

यानंतर जहाजावर साल्गेरुला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण झालं. स्वयंपाक्याने त्याच्या हाताखाली काम केलं होतं. सुताराने त्याची डोलकाठी दुरुस्त केली होती. एकाने संध्याकाळी क्षितिजावर त्याचं शीड पाहिलं. वादळ आलं तेव्हा सगळ्यांनी आधी सगळ्या संतांचा धावा केला आणि संत संपल्यावर साल्गेरुचा केला. वादळ थांबलं. मीही ओरडत होतो, हे कबूल करतो. त्या वेळी बारीकसारीक बघायला सवड नव्हती.

दोम फ्रादीकही बदलला. आधी चिडला, मग गप्प झाला, मग नकाशावर बोट ठेवून विचारायला लागला की साल्गेरु असता तर इथून कुठे वळला असता. हे तो मलाच विचारायचा, कारण मी त्याची अक्षरं सगळ्यात जवळून पाहिली होती. मी म्हणायचो, “घराकडे वळला असता, साहेब.” तो मान हलवायचा. “नाही ब्राश. तुला तो कळलेलाच नाही.”

तिसऱ्या किनाऱ्याला साल १५०६ पडलं, आणि तिथेच माझी चूक झाली. कामाचा हात बसला होता म्हणून मी जरा जास्त सुबक कोरलं. वेलबुट्टी काढली. दोम फ्रादीक वेलबुट्टीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हा माणूस घाईत नव्हता. तो मजेत होता.” मग उठून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या किनाऱ्यावर माझ्या आधी तो स्वतः उतरणार. मेला तर मेला, पण साल्गेरुच्या पायांचे ठसे असले तर ते ताजे असतानाच बघायचे.

म्हणजे माझं संपलं. कोरायला वेळ मिळणार नाही, कोरी जमीन तशीच कोरी राहणार, खांब उभा राहणार आणि त्याच्या बुडाशी मी बसणार, भाषा शिकत. त्या आठवड्यात मी मनातल्या मनात माणसाला लागतात ते शब्द गोळा केले. पाणी, मासा, नको. सगळ्या भाषांत हे तीन आधी शिकायचे असं ठरवलं.

चौथा किनारा दिसला तो एक भलामोठा उघडा डोंगर, खाली गाव, गावात माणसं. पहिल्या होडीत दोम फ्रादीक आणि मी. मागच्या होड्यांत खांब. वाळूवर पाय ठेवल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं. एकही अक्षर नाही. स्वच्छ दगड. त्याचा चेहरा हळूहळू उजळायला लागला आणि माझा उतरायला.

गावातल्या एका बाईने आम्हाला पाणी दिलं. ती जिथे उभी होती तिथे एक आडवा खडक होता आणि त्यावर एकाशेजारी एक खोल रेघा होत्या. सात-आठ. कुठल्याही पाथरवटाला बघताक्षणी कळलं असतं. गावातली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे कुऱ्हाडी घासत होती. एक मुलगा तर त्याच वेळी तिथे बसून घासतही होता.

दोम फ्रादीकने त्या मुलाला हळूच बाजूला सरकवलं, खडकावर हात फिरवला आणि तो गुडघ्यांवर बसला.

“ब्राश,” तो म्हणाला, “तू दगडातला माणूस आहेस. खरं सांग. हा त्याचाच हात आहे का?”

वीस माणसं खांब खांद्यावर घेऊन थांबली होती. मुलगा कुऱ्हाड घेऊन थांबला होता, त्याला अजून एक बाजू घासायची होती. नाही म्हटलं असतं तर देश सापडला असता, दोम फ्रादीकला त्याचं आयुष्यभराचं मागणं मिळालं असतं आणि मला उरलेलं आयुष्य तिथे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचं वाईट वाटलं, पण माझं जास्त वाटलं.

“त्याचाच,” मी म्हटलं. “नाव लिहायचंही त्याने सोडून दिलं होतं, साहेब.”

तो उठला आणि त्याने गुडघ्यांवरची वाळू झटकली. मग त्याने खांब परत न्यायला सांगितला. वीसही जणांनी मला काय म्हटलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. परतीच्या सबंध प्रवासात खांब तळाशी आडवा पडून होता आणि दोम फ्रादीक हलक्या मनाने शीळ घालत होता. शोधायचं काही उरलंच नव्हतं.

लिस्बनला माझा कागद तपासला गेला. नवा देश सापडल्यास तिथे सोडावे, असं होतं. देश सापडला नव्हता, त्यामुळे सोडायची जागा नव्हती, त्यामुळे माफी. शिक्का मारून मिळाली. मी गल्लीत परत आलो, थडग्यांची कामं घ्यायला लागलो आणि कधीही कोणाचं तोंड कोरायचं नाही असं ठरवलं.

तीन आठवड्यांनी दुआर्तकाकाच्या दुकानापुढे घोडेस्वार उभे राहिले.

राजाची एक कचेरी आहे, तिचं नाव मी घेत नाही. दर्यापारच्या वाटा, नकाशे, कोण कुठे गेला आणि काय बघून आला, हे सगळं तिथे कुलपात असतं, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर बोलणाऱ्याची जीभ जागेवर राहत नाही. दोम फ्रादीकने तिथे सगळं सांगितलं होतं. कारकुनाने सगळी दप्तरं चाळली. साल्गेरुची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे ती फारच गुप्त असणार, असं ठरलं. मग शहरात साल्गेरु शोधले. दुआर्त एकच निघाला.

तिथे काय झालं ते मला कचेरीच्या एका पहारेकऱ्याने सांगितलं. दुआर्तकाकाला विचारलं, १५०४ साली कुठे होतास? तो म्हणाला, दुकानात. १५०५ साली? दुकानात. दर्यावर कधी गेलास? कधीच नाही. तीन दिवस तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. दरडावलं, तरी दुकानात. लालूच दाखवली, तरी दुकानात. तिसऱ्या दिवशी थोरले अंमलदार उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत अशी जीभ राखणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पुढच्या वसंतात निघणाऱ्या चार जहाजांचा त्याला प्रमुख केलं. दोम फ्रादीकने त्याच्या हाताखाली जायला मिळावं म्हणून अर्ज दिला.

ही बातमी ऐकून मी दोन दिवस छिन्नीला हात लावला नाही. दुआर्तकाका समुद्रावर आठवडाभरही टिकणार नव्हता. तिसऱ्या दिवशी मी त्या कचेरीत गेलो आणि कारकुनाला म्हटलं की त्या नावाबद्दल मला काही सांगायचंय.

कारकून बारकेला होता, नाकावर शाई लागलेली. त्याने लेखणी खाली ठेवली. “बोलण्याआधी एक विचार कर,” तो म्हणाला. “समज, तू म्हणतोस तो तिथे गेलाच नव्हता. मग तिथे आधी पाय कोणाचा लागला?”

मी विचार केला. “माझा,” म्हटलं.

“म्हणजे देश तेव्हाच सापडले. आणि तुझ्या कागदावर काय लिहिलंय?”

मी माफीचा कागद अंगरख्यात आणखी आत सरकवला.

“शिवाय तीन किनारे नि एक डोंगर नकाशावर चढलेत,” तो म्हणाला. “खाली कोण उतरवणार? मी? मला बायको आहे.” आणि त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तिथून मी सरळ दुआर्तकाकाच्या दुकानात गेलो. तो वातींची जुडी करत बसला होता. पायांत नवे जोडे होते आणि ते त्याला चावत होते. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं, जात्यापासून कुऱ्हाडीपर्यंत. तो शांतपणे ऐकत होता.

“पोरा, मला माहीत आहे,” तो म्हणाला. “पन्नास वर्षं मी कुठेच गेलो नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?”

“मग काका, सांगून टाका. अजून वेळ आहे.”

“सांगितलंच की. तीन दिवस सांगत होतो.” त्याने जुडी बाजूला ठेवली. “पण कसं आहे ब्राश, आजवर मला कोणी विचारलंच नव्हतं, कुठे गेला होतात म्हणून. बायकोनेसुद्धा नाही. आता रोज लोक विचारतात. मी नाही नाही म्हणतो, तर आणखी येतात. मेणबत्त्या संपल्या.” एक जोडा जरा सैल करून तो म्हणाला, “आता एकदा जाऊनच येतो. म्हणजे जाऊन आलो होतो, हे तरी खरं होईल.”

“आणि मेलात तर?”

“म्हणून तर तुला विचारणार होतो, सोबत येतोस का. मी कुठे कुठे जाऊन आलोय, ते एकट्या तुलाच माहीत आहे.”

मी नाही म्हणालो. नाही म्हणायचा मला हक्क होता, त्यावर शिक्का होता. महिनाभर मी रोज नाही म्हणत होतो आणि तो रोज, बरं, म्हणत होता. जोडे सैल व्हावेत म्हणून तो ते घालून गल्लीतून फेऱ्या मारायचा आणि भेटणाऱ्याला सांगायचा, नाही हो, मी कुठेच गेलो नव्हतो.

जहाजं निघायच्या सकाळी मी धक्क्यावर गेलो तो नुसता निरोप द्यायला. वर दोम फ्रादीक दुआर्तकाकाला हात देऊन फळीवरून चढवत होता आणि प्रत्येक पावलाला कौतुकाने म्हणत होता की बघा, किती साधा माणूस, चालतोसुद्धा पहिल्यांदाच चढल्यासारखा. दुआर्तकाकाचा चेहरा त्याच्याच मेणाच्या रंगाचा झाला होता. त्याने गर्दीत मला शोधलं. हाक मारली नाही. नुसतं पाहिलं आणि पुन्हा फळीकडे बघायला लागला.

मी फळीपाशी गेलो. तिथल्या पहारेकऱ्याने यादीवरून नजर न काढता विचारलं, “शिक्षेचा की मोकळा?”

मी माफीचा कागद दाखवला.

“मोकळा,” त्याने लिहिलं. “मग अंथरूण कुठाय? शिक्षेच्या माणसांना राजाची चटई मिळते. मोकळ्यांनी आपलं आणायचं. भरतीचं पाणी चढेपर्यंत वेळ आहे.”

मी घरी आलो. वळकटी बांधली. मग बसून तिच्याकडे बघत राहिलो आणि सोडली. खिडकीतून शिडं वर जाताना दिसत होती, एक, दोन, तीन. चौथ्याला मी पुन्हा बांधली, या वेळी घट्ट, आणि दाराला कुलूप न लावताच निघालो. परत उघडायला कोण येणार, ते नक्की नव्हतं.